हेड उघडण्याआधी: वेगात आणि चढावर तापणारं जुनं इंजिन

प्रश्न असा आहे. कार्ब्युरेटरची जुनी पेट्रोल गाडी. गर्दीत, सिग्नलला तापमानाचा काटा मधोमध राहतो. मोकळ्या रस्त्यावर वेग धरला किंवा लांब चढ लागला की लाल पट्ट्याकडे सरकतो. कूलंट बदललं, रेडिएटरची कॅप नवी घातली, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरचा मार्ग उघडणारी झडप) अडकत असेल म्हणून काढूनच टाकला. फरक शून्य. आठवड्याला थोडं पाणी कमी होतं, पण गाडीखाली डाग नाही. मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट (सिलिंडरांचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांमधली सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल. उतरवावं का?

अजून नाही. गॅस्केट गेलेलं असू शकतं, पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत ते सिद्ध करणारं एकही नाही. ज्या लक्षणावर सगळ्यात जास्त विसंबायला हवं त्याच्याकडे मात्र कोणी बघितलेलं दिसत नाही: गाडी तापते केव्हा?

गाडी उभी असते तेव्हा रेडिएटरमधून वारा ओढायचं काम एकटा पंखा करतो. पंख्याची मोटर, रिले, थर्मल स्विच, बेल्टवरच्या पंख्याचा व्हिस्कस क्लच, पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं, यांपैकी काही बिघडलं की गाडी गर्दीत तापते आणि रस्ता मोकळा झाला की काटा खाली येतो. तुमचं बरोबर उलट आहे. तेव्हा पंखा नवा घ्यायला कोणी सांगितलं तर थांबा. वेगात वारा भरपूर असतो, पंखा असून नसल्यासारखा. पण इंजिन उभ्या गाडीच्या कितीतरी पट पेट्रोल जाळत असतं आणि त्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो. तो वाहून नेण्याची ताकद कमी पडतेय. मग संशयित चारच उरतात: पाणी पुरेसं फिरत नाही, रेडिएटर पुरेशी उष्णता सोडत नाही, इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता पाण्यात टाकतंय, किंवा जळलेला वायू पाण्यात शिरतोय. हेड गॅस्केट हा त्यातला चौथा, आणि त्याची तपासणी हेड न उघडता होते.

पण त्याआधी थर्मोस्टॅट परत बसवा. ‘काढून टाकला की पाणी मोकळं फिरतं, इंजिन थंड राहतं’ ही समजूत गॅरेजांत इतकी मुरलेली आहे की तिच्याशी भांडायचाही कंटाळा येतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. इंजिन तापलं की वरची चकती रेडिएटरचा मार्ग उघडते आणि त्याच हालचालीत खालची चकती बायपासचा मार्ग बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायमचा उघडा राहतो. बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाताच पंपाकडे परततं आणि तसंच गरम पुन्हा इंजिनात फिरतं. हलक्या चालीत हे खपून जातं, चढावर नाही. म्हणजे तुमची आत्ताची तक्रार काही अंशी या उपचारानेच वाढलेली असू शकते. खालची चकती नसलेल्या इंजिनात उलटा त्रास होतो: इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, सिलिंडर लवकर झिजतात. आणि पुढच्या निम्म्या चाचण्यांचा अर्थ थर्मोस्टॅट जागेवर असल्याशिवाय लागत नाही.

नवा आणलात तरी बसवण्याआधी पाण्यात तपासा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. तेवढ्या अंशांना तो उघडू लागतो आणि त्याहून १० ते १५ अंश वर पूर्ण उघडतो. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याला लटकवा, थर्मामीटर शेजारी धरा. दोन्ही तळाला टेकू देऊ नका, कारण तळ पाण्यापेक्षा गरम असतो. बसवताना मेणाची कुपी (तापल्यावर मेण फुगून जी झडप उघडते ती) इंजिनाच्या बाजूला आणि चकतीतलं बारीक छिद्र किंवा हलणारी पिन वरच्या अंगाला. हे छिद्र अडकलेली हवा बाहेर जाण्यासाठी असतं. ते खाली आलं तर थर्मोस्टॅटमागे हवेचा फुगा राहतो आणि चांगला थर्मोस्टॅटही उशिरा उघडतो.

हवेचा विषय निघालाच आहे तर तुम्ही कूलंट बदललं तेव्हा हवा काढली होती का? इंजिनावर किंवा हीटरच्या पाइपवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून अखंड धार येईपर्यंत भरायचं. नसेल तर गाडीचं तोंड उंच राहील अशी उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कॅप उघडी ठेवून इंजिन थंड असतानाच सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. काटा वर आणि हीटरमधून मात्र थंड हवा, असं दिसलं तर समजा की एकतर पाणी कमी आहे, नाहीतर हवा अडकली आहे.

काटा खरं बोलतोय की नाही, हेही एकदा बघून घ्या. जुन्या गाड्यांच्या सेन्सरचा विद्युत रोध तापल्यावर कमी होतो. म्हणून त्याची वायर काढली की काटा थंडवर पडतो आणि वायर इंजिनाच्या धातूला टेकवली की पूर्ण गरमवर जातो (इग्निशन चालू ठेवून, क्षणभरच टेकवा). वायरचं आवरण कुठे घासून बॉडीला लागत असेल तर काटा खोटाच वर जाणार. काही जुन्या गाड्यांत तापमान आणि पेट्रोल या दोन्ही काट्यांना एकाच स्टॅबिलायझरमधून साधारण १० व्होल्ट मिळतात. तो बिघडला की दोन्ही काटे एकदम जास्त दाखवतात. तापमानाचा काटा चढतो तेव्हा पेट्रोलचाही चढतो का, एवढं बघितलंत तरी पुरे. पण तुमचा काटा भार पडल्यावरच चढतो, म्हणून मला तो खरा वाटतो. खात्री करायची तर इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घराजवळ धरा. चकचकीत अॅल्युमिनियमवर हे यंत्र कमी तापमान दाखवतं, म्हणून तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. एक धोका लक्षात असू द्या: पाणी इतकं कमी झालं की सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडला, तर काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. लाल पट्ट्याजवळचा काटा अचानक थंडकडे पडला तर हायसं वाटून पुढे जाऊ नका. गाडी थांबवा.

आता कमी होणारं पाणी. मेकॅनिकने ‘डाग नाही म्हणजे आत जातंय’ असा निष्कर्ष काढलेला दिसतो, पण त्याहून साधी वाट आहे. चढावर पाणी तापतं, फुगतं, कॅपमधून ओव्हरफ्लो बाटलीत जातं आणि बाटली भरली की चालत्या गाडीतून रस्त्यावर सांडतं. गाडी उभी केल्यावर डाग कुठून दिसणार? थंड इंजिनावर बाटलीतल्या पातळीची खूण करा. लांब फेरी मारून आल्यावर लगेच बघा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बघा. पातळी वर जाऊन सकाळी मूळ खुणेवर आली तर कॅप दोन्ही दिशांनी काम करतेय. वर गेली आणि वरच राहिली, रेडिएटरमध्ये मात्र पाणी कमी, तर परत ओढणारी झडप किंवा बाटलीची नळी दोषी आहे. वरचा होज पाइप सकाळी चपटा झालेला दिसला तर नक्कीच. कॅप नवी आहे म्हणून ती बरोबर आहे असं मानू नका. मूळ कॅपवर किती दाब लिहिला होता आणि नवीवर किती, हे ताडून बघा. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, १ बार जादा दाबाखाली सुमारे १२० ला. निम्मं कूलंट असलेलं मिश्रण त्याहूनही पुढे, १२५ पार करून. कमी दाबाची कॅप बसली तर ही सगळी उसंत जाते आणि शाबूत इंजिनही चढावर पाणी उडवतं. उलट, जास्त दाबाची कॅप घालून उपाय केल्याचं समाधान करून घेऊ नका. जुन्या रेडिएटरचे सांधे आणि हीटरचे पाइप त्याची किंमत मोजतात.

पाणी खरंच कुठे जातंय याचा निकाल प्रेशर टेस्टर देतो. थंड इंजिनावर कॅपच्या जागी तो लावायचा, कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप मारायचा आणि १५ मिनिटं काट्यावर नजर ठेवायची. दाब उतरला तर टॉर्च घेऊन शोधा: क्लॅम्पखाली, ब्लॉकच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या टोप्यांवर, वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्राशी. त्या छिद्रातून सुकलेल्या कूलंटचा ओघळ दिसला तर पंपाचं सील संपलं. चालकाच्या पायाशी गालिचा ओला असेल किंवा समोरच्या काचेला आतून चिकट धुकं धरत असेल तर हीटरची जाळी गळतेय. बाहेर कुठेच थेंब नाही आणि दाब तरीही उतरतोय, असं झालं तरच इंजिनाच्या आत संशय घ्या. प्लग काढा, इग्निशनची कॉइल वेगळी करा आणि स्टार्टर मारा. एखाद्या भोकातून पाण्याचा फवारा आला की प्रश्न मिटला. प्लगांकडेही बघा. तीन तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय.

पाणी आत जात नसलं तरी जळलेला वायू पाण्यात येऊ शकतो. गॅस्केट फाटण्याची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते, आणि तुमच्यासारखीच, फक्त भाराखाली दिसते. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाची कॅप उघडून दाब सोडा, परत लावा, गाडी सुरू करा आणि वरचा होज पाइप हाताने दाबून बघा. पाणी अजून कोमटही नसताना एक-दोन मिनिटांत पाइप कडक झाला तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरचा आहे. यापेक्षा भरवशाची चाचणी निळ्या द्रवाची. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा त्या द्रवातून ओढतात. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल इंजिनात द्रव पिवळा पडतो. पातळी आधी थोडी खाली घ्या, कूलंट नळीत ओढलं गेलं तर चाचणी वाया. आणि ही चाचणी नुसत्या आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, करून सोडू नका. चढाची फेरी मारून या, इंजिन पूर्ण निवू द्या, मग कॅप उघडून सुरू करा, इंजिन थोडं रेस करत धरा आणि तेव्हा बघा. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात ती) शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी गेली, हे जवळपास नक्की.

हे करताना दोन गोष्टींनी घाबरू नका. थंड सकाळी सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ, जी गाडी तापल्यावर थांबते, ती ज्वलनातल्या पाण्याची असते आणि प्रत्येक गाडीत येते. ऑइल भरायच्या टोपीच्या आत दुधाळ साय दिसली तरी छोट्या छोट्या फेऱ्यांनी साठलेला दमटपणा असू शकतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल किंवा पातळी आपोआप वाढत असेल, तर मात्र गाडी चालवू नका.

गॅस्केट निर्दोष ठरलं, आणि माझा कल तसाच आहे, तर मग रेडिएटर. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून पहिला संशय मी त्याच्यावरच घेतला असता. कूलंट बदलल्याने रेडिएटर साफ होत नाही. वर्षानुवर्षं जड पाणी घातलेल्या गाडीत नळ्यांच्या आत क्षाराचा थर बसतो आणि काही नळ्या पूर्ण बुजतात. उरलेल्या नळ्या गर्दीपुरत्या पुरतात, चढाला पुरत नाहीत. इंजिन पूर्ण तापल्यावर ते बंद करा, पंख्याची वायर काढा (काही पंखे बंद गाडीतही सुरू होतात) आणि इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या जाळीवर आडवा-उभा फिरवा. तापमान एका कडेकडून दुसरीकडे हळूहळू उतरलं पाहिजे. मधेच थंड पट्टा लागला तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही.

जाळीची दुसरी व्याधी आतून दिसतच नाही. तांबे-पितळेच्या जुन्या रेडिएटरमध्ये नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्या, ज्यांना फिन्स म्हणतात, गंजून सुटतात. पाणी मोकळं फिरतं, गळती नाही, आतून धुतला तरी स्वच्छ पाणी येतं, पण नळीची उष्णता पत्रीत जातच नाही. बोटाने हळूच खरवडून बघा. पत्री भुगा होऊन पडली तर तो रेडिएटर संपला, त्याला कुठलंही रसायन वाचवत नाही. एसी नंतर बसवलेला असेल तर कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि रेडिएटरमधल्या फटीत डोकावा. बाहेरून दोन्ही स्वच्छ दिसतात आणि मधे चिखल-पाचोळ्याची गादी बसलेली असते.

गळती बंद करणारी पावडर कधी घातली होती का, हेही सांगा. ती छिद्र आणि नळी यांत भेद करत नाही. लोखंडी ब्लॉक असेल तर धुताना ब्लॉकचा ड्रेन प्लग काढल्याशिवाय राहू नका. गंजाचा गाळ शेवटच्या सिलिंडरभोवती साचतो आणि रेडिएटरच्या तोटीतून तो कधीच बाहेर येत नाही.

रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाइपच्या तापमानातला फरकही बोलका असतो. थर्मोस्टॅट पूर्ण उघडण्याइतकं इंजिन तापलेलं असताना हा फरक खूप मोठा आला, म्हणजे खालचा पाइप जवळजवळ गार, तर पाणी फारच हळू फिरतंय. दोन्ही सारखेच तापलेले असतील तर पाणी फिरतंय, पण वारा किंवा फिन्स उष्णता काढून घेत नाहीत.

पाणी हळू फिरण्याचं एक कारण बोनेट उघडून आयडलवर कधीच सापडत नाही: खालचा होज पाइप. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. जुना होऊन मऊ पडला, किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली, की वेग वाढल्यावर आत चेपतो आणि पाण्याची वाट बंद करतो. इंजिन तापवून कोणाला तरी अॅक्सिलरेटर दाबून धरायला सांगा आणि पाइपकडे बघत राहा, हात पंखा-बेल्टपासून लांब ठेवून. पंपाची पाती गंजून झिजलेली असतात किंवा पात्यांचं चाक दांड्यावर सैल होऊन घसरतं, तेव्हाही हाच परिणाम. बाहेरून पंप फिरताना दिसतो आणि थेंबही गळत नाही. थर्मोस्टॅटसाठी घर उघडलंच आहे तर पंप काढून पाती डोळ्यांनी बघणं फार लांबचं काम नाही. बेल्ट ढिला असेल तर तो किंचाळतोच असं नाही. चकाकी आलेला बेल्ट मुकाट्यानेही घसरतो.

उरला तिसरा संशयित, इंजिनच जास्त उष्णता टाकतंय हा, ज्याचा विचार कूलिंगच्या तक्रारीत कोणी करत नाही. ठिणगी उशिरा पडत असेल तर पेट्रोल जळत असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीची उष्णता हेडच्या भिंतींतून पाण्यात उतरते. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) गाडीत टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, आयडलवर बरोबर आणि वेगात चूक असू शकतं. डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी (इंजिनाच्या ओढीने ठिणगी पुढे आणणारी) तोंडाने ओढून जीभ लावा. ओढ टिकली नाही तर नळीच्या टोकाच्या डबीतला पडदा फाटलाय आणि सपाट रस्त्यावरच्या सावकाश चालीत टायमिंग मागे राहतं. चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना व्हॅक्यूम तसाही नसतो, तिथे काम करतात ती आतली फिरती वजनं. ती गंजून अडकली की ठिणगी सगळ्या वेगांत एकाच जागी पडते. टायमिंग लाइट लावून इंजिन रेस करा, खूण पुढे सरकली पाहिजे. कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असेल, चोक झालेला सायलेन्सर असेल किंवा एखादं चाक ब्रेकमध्ये घासत असेल तरी इंजिनाला जादा राबावं लागतं. फेरीनंतर चारही चाकांचं तापमान मोजा, अर्धा मिनिट लागतो.

तोवर गाडी वापरावी लागलीच तर चढ आणि वेग टाळा. काटा चढू लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात; हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच असतो. तरी चढला तर थांबा. बेल्ट तुटलेला किंवा पाणी गेलेलं असेल तर इंजिन लगेच बंद करा. पाणी आणि बेल्ट शाबूत असतील तर दोन-तीन मिनिटं आयडलवर चालू राहू द्या. बंद केल्यावर काटा थोडा आणखी वर जातो, ते ठीक आहे. कॅपला हात लावायचा तो वरचा पाइप हाताला गार लागल्यावरच, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही. हेडला तडा जायला तेवढं पुरतं.

आणि द्रव पिवळा पडलाच, तर हेड उतरवा, पण इंजिन पूर्ण थंड असताना आणि बोल्ट ठरलेल्या उलट क्रमाने, थोडेथोडे सैल करत. नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका. सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) हेड लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासायला सांगा. बरेच उत्पादक ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपर्यंतच वाक चालवून घेतात, तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. अॅल्युमिनियमचं हेड असेल तर फेसिंगला (तळ घासून सपाट करायला) पाठवण्याआधी तड्यांसाठी दाबचाचणी करून घ्या, नंतर नाही. ब्लॉकचा माथाही त्याच पट्टीने बघा. आणि रेडिएटर, खालचा पाइप आणि पंप यांची तपासणी त्याच खेपेत उरकून घ्या. गॅस्केट बहुधा तापण्यामुळे गेलेलं असतं. तापण्याचं मूळ कारण तसंच राहिलं तर नवं गॅस्केटही पुढच्या लांब चढापर्यंतच टिकेल.